रॅम्प मागीलदारी नको

गोव्यातल्या घरात व्हीलचेअर आली की पहिला रॅम्प बहुतेक वेळा मागीलदारी बांधला जातो. कारणे सगळी सोयीचीच असतात. मागचे जोते थोडे कमी उंच असते, पुढच्या पायऱ्या मोडाव्या लागत नाहीत, बाल्कांवाची, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीची, शोभा तशीच राहते. मग घरातल्याच माणसाला भांडी घासायच्या जागेवरून, लाकडांच्या राशीला वळसा घालून स्वतःच्या घरात शिरावे लागते. पाहुणा पुढून येतो आणि घरचा माणूस मागून. आमचा आग्रह असा की सोय मुख्य दारातूनच आत यावी, आणि ती घर ज्या सामानाने बांधले आहे त्याच सामानात व्हावी: जांभ्या दगडाचे चिरे, कौले, लाकूड, पितळ. तसे केले तर घर इस्पितळासारखे दिसत नाही, आणि खर्चही फारसा वाढत नाही. फक्त कामाआधी विचार जास्त करावा लागतो.

पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, भरला. सभागृहे, रस्ते, समुद्रकिनारे यांच्या सुगम्यतेवर तेव्हापासून बरेच बोलले जाते. घराचे मोजमाप मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते, म्हणून हा लेख.

आधी माणूस मोजा

गवंड्याला बोलावण्याआधी मोजपट्टी माणसाला लावायची. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांतली मापे मुख्यतः सार्वजनिक इमारतींसाठी आहेत, कोणीही आले तरी चालावे अशी. घर एका ठरावीक माणसाचे असते. त्यामुळे ती मापे सुरुवातीला धरायची आणि मग आपल्या माणसाप्रमाणे बदलायची.

व्हीलचेअरची रुंदी मोजताना हात चाकावर ठेवून मोजा. ६५० मिमीची खुर्ची स्वतः ढकलणाऱ्याला प्रत्यक्षात ७५० ते ८०० मिमी जागा लागते, नाहीतर बोटांची साले चौकटीवर निघतात. बैठकीची उंची उशीवर माणूस बसलेला असताना घ्या, कारण उशी दबते. गुडघ्याचा वरचा भाग जमिनीपासून किती उंच, डोळ्यांची पातळी किती, हात पुढे आणि बाजूला कुठवर जातो, कोणत्या हातात जोर आहे, हे सगळे कागदावर लिहा. अर्धांगवायू झालेल्या माणसाच्या बाबतीत 'उजवा की डावा' या एका उत्तरावर संपूर्ण न्हाणीघर उभे राहते. जवळपास ऑक्युपेशनल थेरपिस्ट असेल तर ही मोजणी त्यांच्यासमोर करा.

मग प्रत्येक खोलीत खडूने १५०० मिमी व्यासाचे वर्तुळ काढा. खुर्ची जागच्या जागी वळायला एवढी जागा लागते. वर्तुळात कपाटाचा पाय येत असेल तर कपाट हलवा. भिंत पाडायचा विचार त्यानंतर. निम्म्या खोल्यांत नुसते फर्निचर हलवून काम भागते.

जोते आणि रॅम्प

इथला पाऊस वर्षाला सुमारे तीन हजार मिमी. म्हणून जुन्या घरांची जोती दीड-दोन फूट, कधी त्याहून उंच. चढ १:१२ पेक्षा तीव्र नको हे सगळेच सांगतात, पण गवंड्याला 'एक इंच उंचीला एक फूट लांबी' असे सांगितले की लगेच कळते. दोन फूट, म्हणजे ६०० मिमी जोत्याला ७.२ मीटर उतार झाला. त्यात वर, खाली आणि मध्ये असे १५०० मिमीचे तीन सपाट टप्पे धरले की एकूण ११.७ मीटर लागतात. हा आकडा ऐकून लोक घाबरतात आणि १:६ चा रॅम्प घालून मोकळे होतात. त्या रॅम्पवर स्वतः ढकलणारा माणूस मागे कलंडतो, ढकलणाऱ्या आईची पाठ जाते, आणि वर्षभरात त्यावर कुंड्या येतात.

आणखी एक गोष्ट. १:१२ हा कमाल चढ आहे, तो आदर्श समजू नका. दंडात जोर कमी असेल तर १:१५ घ्या. तेव्हा त्याच जोत्याला टप्पे सोडून ९ मीटर लागतात.

जागा नसेल तर रॅम्प काटकोनात वळवा. पहिला भाग कुंपणाच्या भिंतीला लागून, दुसरा घराच्या बाजूने, आणि वरचा टप्पा थेट बाल्कांवात. बाल्कांवाच्या दोन सोप्यांपैकी (बांधीव बाकांपैकी) एक काढला की तिथे खुर्ची उभी राहते, आणि संध्याकाळी समोरच्या सोप्यावर बसलेल्यांशी तिची पातळी बरोबर जुळते. सोपा काढायचा म्हटल्यावर घरातली थोरली माणसे हळहळतात. त्यांना हे चित्र आधी कागदावर काढून दाखवा.

पण फाटकापासून बाल्कांवापर्यंत बारा मीटर अंतर असेल, तर याहून चांगला उपाय आहे: रॅम्प न घालता आंगणातली वाटच चढवत न्यायची. १:२० च्या चढाने बारा मीटरमध्ये ६०० मिमी उंची गाठता येते. दोन्ही बाजूंना चिऱ्यांची बुटकी भिंत, तिच्याकडेला अबोली, तगर, जास्वंद. इतक्या मंद चढाला रॅम्प म्हणून कोणी ओळखतही नाही. टप्पे टप्पे करावे लागत नाहीत, फक्त फाटकाशी आणि दाराशी सपाट जागा हवी. आजोबांची काठी, बाळाची गाडी, चवथीला येणारा गणपती, सगळे त्याच वाटेने येतात. जागा असेल तिथे दुसरा पर्याय बघूच नका.

यात चुका दोन होतात. पहिली, भराव एकदम टाकला जातो. मुरूम आणि चिऱ्यांचे तुकडे १५० मिमीच्या थरांनी घाला, प्रत्येक थराला पाणी द्या, धुम्मस करा. नाहीतर पहिल्याच पावसात वाट खचते, जोत्याशी इंचभर पायरी तयार होते आणि खुर्चीची पुढची छोटी चाके तिथेच अडकतात. दुसरी चूक जास्त महागात पडते. माती थेट चिऱ्याच्या जोत्याला टेकवली की ओल भिंतीत वर चढते आणि तिच्या मागोमाग वाळवी येते. जोते आणि भराव यांच्यामध्ये १५० मिमीचे गटार सोडा, त्याला बाहेर निचरा द्या आणि वर जाळी टाका. जाळीच्या फटी १२ मिमीपेक्षा मोठ्या नकोत, आणि फटींची दिशा चालीला आडवी हवी. उभ्या फटीत चाक जाते, पांढऱ्या काठीचे टोकही जाते.

रॅम्पची रुंदी घरी निदान १००० मिमी ठेवा, जमले तर १२००. कडेला ७५ ते १०० मिमी उंचीचा बांध हवाच, चाक घसरले तर तेवढाच आधार. कठडा दोन्ही बाजूंना, दोन पातळ्यांवर: ९०० मिमी आणि ७०० मिमीच्या आसपास. त्याची नळी ३८ ते ४० मिमी जाडीची, म्हणजे मूठ पूर्ण वळते. दोन्ही टोकांना कठडा उताराच्या पुढे ३०० मिमी न्या, कारण तोल जातो तो उतार संपतो त्या जागीच.

अजिबातच जागा नाही, जोते चार फुटांचे आहे, घर रस्त्यालाच टेकले आहे, अशा ठिकाणी छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट घ्यावी लागते. तिचा खड्डा पावसात भरतो, म्हणून निचऱ्याची सोय आधी करा, आणि वीज गेल्यावर हाताने खाली आणता येते ना ते विकत घेण्याआधी करून दाखवायला सांगा.

पाऊस, शेवाळ आणि लाल चिखल

गोव्यातला रॅम्प जून ते सप्टेंबरमध्ये खरा तपासला जातो. गुळगुळीत टाइल किंवा पॉलिश ग्रॅनाइट घातला असेल तर तो घसरगुंडीच होतो. झाडूने खरवडून घेतलेले सिमेंट काँक्रीट स्वस्त आणि उत्तम. जास्त देखणे हवे तर खरखरीत फिनिशचा ग्रॅनाइट. टाइलच घ्यायची तर पाकिटावर आर ११ ही घसरणरोधक श्रेणी पाहा. चौकोनी खाचांची पार्किंग टाइल टाळा, खाचांत शेवाळ धरते आणि खुर्चीत बसलेल्याच्या पाठीला प्रत्येक खाच जाणवते. चिरा पृष्ठभागावर वापरू नका. तो झिजतो आणि हिरवा होतो. चिऱ्याची जागा कडेच्या भिंतीत.

रॅम्पवर मंगळोरी कौलांचे छप्पर घालता आले तर घाला, पण पन्हळ लावायला विसरू नका, नाहीतर पागोळ्या नेमक्या उताराच्या मधोमध पडतात आणि तिथेच शेवाळाचा पट्टा तयार होतो. पाणी कडेला जावे म्हणून उताराला आडवा ढाळ १:५० पर्यंत द्या. त्याहून जास्त दिला की खुर्ची एका बाजूला ओढली जाते. शेवाळ ताठ ब्रश आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने निघते. मात्र ते पाणी स्टीलच्या कठड्यावर उडाले तर लगेच साध्या पाण्याने धुवा. त्यातल्या क्लोरीनमुळे स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात.

दाराशी दुसरा प्रश्न चिखलाचा. खुर्ची लाल माती घेऊन घरात शिरते, आणि तीच माती ढकलणाऱ्याच्या तळहाताला लागते. जाड काथ्याचे पायपुसणे ठेवले की चाके त्यात रुततात. २४ इंची चाकाचा परिघ सुमारे १.९ मीटर असतो. म्हणजे चाक एकदा पूर्ण फिरून पुसले जायला दोन मीटर लांबीची चटई लागते. घट्ट विणीची, कडक चटई जमिनीत तेवढ्याच खोलीच्या खाचेत बसवा म्हणजे वरचा भाग लादीच्या पातळीत येतो. शेजारी गुडघ्याच्या उंचीवर नळ आणि हातात धरायचा ब्रश ठेवा.

उंबरठा

हा विषय नाजूक आहे. उंबरठ्याला हळदकुंकू वाहिले जाते, त्यापुढे रांगोळी पडते, तो काढा म्हटले की घरात शांतता पसरते. उंबरठ्याची खूण राखून त्याची उंची घालवता येते. दारात लादीच्या पातळीतच काळ्या किंवा लाल दगडाची पट्टी बसवा, कडेला पितळेची रेघ द्या. पूजा त्या पट्टीवर होते, चाक तिच्यावरून जाते. थोडा उंचवटा राखणे भागच असेल तर १२ मिमीच्या आत ठेवा आणि दोन्ही बाजूंनी तिरका घासून घ्या.

उंबरठा पाणी आणि सरपटणारे जीव थोपवतो हेही खरे. म्हणून तो सपाट केल्यावर दोन गोष्टी करायच्या: बाहेर दाराच्या रुंदीएवढे जाळीचे गटार, आणि दाराच्या खालच्या कडेला ब्रशची पट्टी.

जुन्या घरांची दारे दोन फळ्यांची. दोन्ही उघडल्या तर वाट ऐसपैस, पण रोज एकच उघडतात आणि तिच्यातून खुर्ची जात नाही. दुसऱ्या फळीची खिट्टी वर चौकटीत असते, बसलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. एकाच मुठीने वरची आणि खालची कडी सरकेल असे बिजागर-कुलूपवाल्याकडून करून घ्या आणि ती मूठ ९०० ते १००० मिमीवर ठेवा. आतल्या दारांना ९०० मिमी मोकळी वाट मिळाली तर उत्तम. पाव-अर्ध्या इंचासाठी अडत असेल तर भिंत फोडू नका. दार चौकटीबाहेर पूर्ण वळवणारी सरक-बिजागरी मिळते, तिने दाराच्या जाडीएवढी, म्हणजे ३५ ते ४० मिमी जागा मोकळी होते. भिंत रुंद करायचीच असेल तर चिऱ्याच्या जाड भिंतीत आधी वर नवी तुळई, मग खाली तोड. हा क्रम उलटा झाला तर वरचे चिरे सुटतात.

न्हाणीघर

सगळ्यात जास्त पैसा, डोके आणि वेळ इथे घाला. माणूस एकटा अंघोळ करू शकतो की नाही, यावर त्याचा दिवस कसा जातो ते ठरते.

२२०० बाय २००० मिमी खोली मिळाली तर सगळे नीट बसते. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे. आत उघडणाऱ्या दाराआड माणूस पडला तर दार उघडतच नाही. कडी अशी घ्या की बाहेरून नाणे घालून फिरवता येईल. न्हाणीघराची लादी बाहेरच्या लादीच्या पातळीत आणा. पाणी बाहेर येईल ही भीती रास्त आहे, त्याला उत्तर दाराशी आडवा निचरा आणि अंघोळीच्या जागेला साधारण १:६० चा ढाळ. फ्लॅटमध्ये न्हाणीघराखालचा स्लॅब बहुधा खाली घेतलेला असतो, त्यामुळे भरणी उकरून नळ आणि लादी खाली नेता येते. मात्र वॉटरप्रूफिंग पुन्हा पहिल्यापासून करावे लागते आणि त्यात तीन दिवस पाणी भरून ठेवून खालच्या घरात गळती पाहावी. हे टाळले की शेजाऱ्याशी वाद.

कमोडची बैठक ४५० ते ४८० मिमी, खुर्चीच्या बैठकीच्या पातळीत. बाजूच्या भिंतीपासून कमोडचा मध्य ४५० मिमीवर, दुसऱ्या बाजूला निदान ९०० मिमी रिकामी जागा, खुर्ची शेजारी लावायला. पण घरात चाकांची शॉवर-खुर्ची कमोडवर सरकवून वापरायची असेल तर हे माप चुकते. तिच्या बैठकीखाली बरेचदा ४२० ते ४४० मिमीच जागा असते. आधी खुर्ची आणा, मग कमोड निवडा. हेल्थ फॉसेट चांगल्या हाताच्या बाजूला, पुढे. मागच्या भिंतीवर लावलेला फॉसेट पाठ वळवू न शकणाऱ्याला निरुपयोगी.

आता हातधरीबद्दल, म्हणजे भिंतीवरच्या आधाराच्या दांडीबद्दल. बाजारातला सुंदर बार, चार स्क्रू, चार रॉल प्लग (स्क्रूसाठी भोकात ठोकायच्या प्लास्टिकच्या नळ्या), आणि चिऱ्याची भिंत, हे मिश्रण धोकादायक आहे. चिरा सच्छिद्र असतो, त्याच्या पोकळ्यांत माती भरलेली असते, वर वीस मिमीचा गिलावा. प्लग पकडतो असे वाटते, पण ज्या दिवशी माणूस खरोखर तोल जाऊन पूर्ण वजन टाकतो त्या दिवशी बार गिलाव्यासकट हातात येतो. २५० किलो भार पेलेल अशी योजना करा. त्यासाठी दोन मार्ग आहेत.

पहिला, भिंतीत २०० बाय २०० मिमीचा, १५० मिमी खोल खण कोरायचा, माती झटकून भिजवायचा, मग १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) च्या काँक्रीटने भरायचा आणि बारच्या तळपट्टीच्या भोकांप्रमाणे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट त्यात आधीच रोवून ठेवायचे. पुठ्ठ्याचा साचा करून बोल्ट जागेवर धरा, नाहीतर भरताना सरकतात. सात दिवस पाणी मारा, त्याआधी बार लावू नका. दुसरा मार्ग भिंत मातीच्या जोडणीची असेल तेव्हा: १२ मिमीचा आटेदार गज भिंतीतून आरपार आणि पलीकडच्या बाजूला १५० मिमी चौरस, ६ मिमी जाड स्टीलची पट्टी. पलीकडे खोली असेल तर पट्टीवर लाकडी फळी चढवून खुंट्या लावा, कुणाच्या लक्षातही येत नाही. भिंतीवर टांगलेला कमोड घ्यायचा तर त्याची लोखंडी चौकट खालच्या स्लॅबला बसवा. चिऱ्यावर सोडू नका.

बार आणि भिंत यांत ५० मिमी अंतर. जास्त ठेवले तर मनगट आत अडकते. टॉवेलची दांडी जवळपास ठेवूच नका, घाईत हात तिच्याकडेच जातो.

समुद्राजवळच्या घरात क्रोमचा मुलामा दिलेले लोखंड काही पावसाळ्यांत आतून गंजते. ३०४ ग्रेडच्या स्टीलवरही तपकिरी डाग येतात. किनाऱ्यालगत ३१६ ग्रेड घ्या, त्यात मॉलिब्डेनम असते म्हणून ते मिठाला टिकते. स्क्रूही त्याच ग्रेडचे हवेत, गंज बहुतेक वेळा स्क्रूपासूनच सुरू होतो. घरातल्या बोळात आणि बेडरूममध्ये मात्र स्टीलपेक्षा लाकडी धरणी चांगली दिसते आणि हाताला थंड लागत नाही. सागवान किंवा फणस, गोल घासलेला, जमिनीला न टेकवता, वाळवीपासून वर.

पायांत संवेदना नसलेल्या माणसासाठी गरम पाणी हा मोठा धोका. मणक्याची दुखापत, मधुमेह, कुष्ठरोग यांत भाजलेले कळत नाही. गीझरच्या पुढे तापमान बांधणारा व्हॉल्व्ह बसवून नळाचे पाणी ४३-४४ अंशांच्या आत ठेवा. बेसिनखाली गुडघे जातात तिथल्या गरम पाण्याच्या नळीला आवरण घाला. बेसिन खांबावरचे नको, भिंतीवरचे, कड ७५० ते ८०० मिमीवर. मदतीच्या घंटेची दोरी जवळपास जमिनीपर्यंत सोडा, पडलेल्या माणसाला ती लागते.

झोपायची खोली, स्वयंपाकघर

पलंग खुर्चीच्या बैठकीएवढा उंच, उतरायच्या बाजूला ९०० मिमी मोकळे. पेटीचा पलंग इथे चालत नाही. उचलण्याच्या हॉइस्टचे पाय पलंगाखाली सरकतात, त्यासाठी निदान १५० मिमी पोकळी लागते. हॉइस्ट छताला टांगायचा असेल तर कौलारू छपराच्या वाशांना कधीही नाही. स्वतंत्र स्टीलची चौकट उभी करा. मच्छरदाणी रोज वर-खाली करणे बसलेल्या माणसाला अवघड, म्हणून खिडक्यांनाच जाळी लावा. जुन्या घरांच्या खिडक्या खाली उतरणाऱ्या असतात, त्यातून पडल्यापडल्या अंगण दिसते. नव्या बांधकामात खिडकीची कड ६०० ते ७०० मिमीवर ठेवायला सांगा, बहुतेक आराखड्यांत ती ९०० वर असते आणि बसलेल्याला फक्त आकाश दिसते.

ओटा ७५० ते ८०० मिमी, त्याखाली ७०० मिमी उंच आणि ४८० मिमी खोल गुडघ्यांची जागा. सिंक १५० मिमीपेक्षा खोल नको आणि त्याची नळी मागच्या भिंतीकडे वळवलेली. शेगडीच्या कळा समोर. जमिनीवर बसून वापरायची आदोळी, म्हणजे नारळ खोवायची विळी, खुर्चीतल्या माणसाला जमत नाही, तिच्याऐवजी ओट्याच्या कडेला आवळून बसणारी खोवणी घ्या. ओट्याच्या त्या कडेचा ग्रॅनाइट पुढे निदान ४० मिमी निघालेला हवा, म्हणजे तिची पकड बसते. घरातले बाकीचे उभे राहून स्वयंपाक करत असतील तर सगळा ओटा खाली आणू नका, ९०० मिमी रुंदीचा तुकडा पुरतो.

तुळस आणि माटोळी

या दोन गोष्टी कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडणार नाहीत, पण गोव्यातल्या घरात त्यांच्यावाचून सोय अर्धी राहते. वृंदावनाभोवती १२०० मिमी रुंदीची सपाट फरसबंद वाट ठेवली की खुर्चीतून प्रदक्षिणा घालता येते. बहुतेक ठिकाणी वृंदावन कुंपणाला खेटलेले असते आणि मागून जायला जागाच नसते. नवे बांधताना तेवढे पुढे घ्या. दिवा ठेवायचा कोनाडा ६०० ते ९०० मिमीच्या मध्ये असू द्या.

चवथीची माटोळी, म्हणजे फळाफुलांनी सजवायची लाकडी चौकट, गणपतीच्या डोक्यावर टांगलेली, तिला फळे-फुले बांधणारे हात उभ्या माणसांचे. चौकटीच्या चारही कोपऱ्यांना दोर आणि आढ्याला कप्प्या बसवल्या तर चौकट ९०० मिमीपर्यंत खाली येते, बसून बांधता येते आणि मग वर ओढता येते. चारही दोर एकाच खुंटीवर आणा, नाहीतर चौकट तिरकी होते. नारळ, केळीचे घड, सुपाऱ्यांची शिपटे यांचे वजन चांगलेच भरते, म्हणून खुंटी भिंतीत आरपार बोल्टची, वर सांगितलेल्या पद्धतीची.

दिसणे, ऐकणे

कमी दिसणाऱ्यांसाठी पांढऱ्या लाद्या, पांढरी भिंत आणि पांढरा कमोड हे सगळ्यात वाईट. कमोडची बैठक गडद घ्या, बटणांची पट्टी भिंतीच्या रंगाहून वेगळी, पायरीच्या कडेला ५० मिमीचा वेगळा रंग. रंग पुरेसे वेगळे आहेत का ते पाहायला मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. दोन्ही एकाच राखाडी दिसले तर बदला. पावसाळ्यात गुळगुळीत लादीला घाम सुटतो आणि तिच्यावर उजेड चमकतो, म्हणून मॅट लादी. अर्धवट उघडी दारे आणि डोक्याच्या उंचीवर बाहेर आलेल्या खिडकीच्या झडपा यांनी जास्त जखमा होतात, झडपा भिंतीला अडकवायचे आकडे लावा.

ऐकू न येणाऱ्या माणसाला दाराच्या घंटेसोबत दिवा लुकलुकायला हवा, आणि तो स्वयंपाकघरातही दिसला पाहिजे. बोलणाऱ्याचा चेहरा दिसावा म्हणून त्याची बसायची जागा खिडकीकडे पाठ करून मांडू नका.

वीज

पावसात दिवे जातात हे गृहीतच धरा. मिनिटाला पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, पण ती पूर्ण उतरवायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही ऊर्जा जाते. हाती सुमारे ११५० वॅट-तास लागतात, म्हणजे तीन तासांच्या थोडे वर. त्यापुढे सिलिंडर घरात हवा. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या. न्हाणीघराच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावा. बटणे ९०० ते १००० मिमीवर, सॉकेट ४५० च्या खाली नकोत. चिऱ्याच्या जुन्या भिंतीत खाचा पाडण्यापेक्षा वरून पट्टी लावून वायर नेली तर भिंत वाचते. विजेवर चालणारी खुर्ची चार्ज करायची जागा बाहेर पडायच्या वाटेत ठेवू नका.

बाहेरचे सगळे काम ऑक्टोबर ते मे या काळात उरका. काँक्रीटला पाणी मारायला आणि भराव दाबायला कोरडे दिवस लागतात. मग दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात एक फेरी घ्या: प्रत्येक बारला अंगाचे वजन टाकून ओढा, स्क्रूंच्या डोक्यांभोवती तपकिरी कडा दिसते का पाहा, पन्हळीतला पाला काढा, रॅम्प घासा, उंबरठ्यापुढच्या गटारात बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जाते ते बघा, आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरा.